अडतीस नव्हे, त्र्याऐंशी

विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात बारकीचं काम फार तर दहा मिनिटांचं होतं. जेवणाच्या सुट्टीत बस डेपोतून सटकायचं, तीन वर्षांच्या एकत्रित मार्कशीटवर शिक्का मारून घ्यायचा आणि दोनच्या आत परत आपल्या टेबलावर हजर व्हायचं. डबासुद्धा तिने पिशवीतच ठेवला होता. परतताना चालता चालता दोन घास पोटात ढकलता येतील, असा विचार.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दोन बहिणींतली धाकटी आणि अंगाने अगदी काडी, म्हणून घरात पडलेलं नाव. ते तिच्या मागोमाग शाळेत गेलं, कॉलेजात गेलं आणि आता एकोणतिसाव्या वर्षी डेपोतले ड्रायव्हरही तिला त्याच नावाने हाक मारत. वेळापत्रक विभागात ती आठ वर्षं होती. कुठल्या मार्गावर सकाळी किती मिनिटं लागतात, दुपारी किती, शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला पाठ टेकायला किती वेळ द्यायचा, याचे तक्ते ती करायची.

मागच्या वर्षी डेपोने जवळच्या अंतराची तिकिटं महाग केली आणि चौदा नंबरच्या बसमधली माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. ती गेली कुठे? चालत जायला लागली, की जायचीच थांबली? हे कुणीच विचारत नव्हतं. बारकीच्या डोक्यात मात्र तो भुंगा असा शिरला की बाहेर निघेना. शेवटी ती आपल्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या मॅडमना भेटायला गेली. मॅडम म्हणाल्या, "अगं, याला अर्थशास्त्रच म्हणतात. पुढे शीक की."

पुढे शीक म्हणणं सोपं होतं. तीन विद्यापीठांचे फॉर्म तिने मागवले. तिन्हींवर एकच अट छापलेली, सरासरी किमान साठ टक्के अपेक्षित. बारकीची सरासरी होती अठ्ठावन्न पूर्णांक एक. त्यातही सगळ्यात वाईट काय होतं, तर दुसऱ्या वर्षीचा संख्याशास्त्राचा पेपर. शंभरात अडतीस. ज्या विषयात आकड्यांशिवाय पान हलत नाही, त्यात पुढे जायचं आणि संख्याशास्त्रात अडतीस! तरीही तिने ठरवलं की अर्ज करायचाच. नाही म्हणाले तर म्हणाले.

रेकॉर्ड विभागातले कारकून पन्नाशी केव्हाच ओलांडलेले, निवृत्तीला वर्षभर उरलेले गृहस्थ होते. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, शर्टाच्या खिशात तीन रंगांची तीन पेनं. त्यांनी तिचा अर्ज घेतला आणि म्हणाले, "बसा. जुनं रेकॉर्ड आहे. परीक्षकांच्या मूळ यादीशी ताडून बघावं लागतं. नियम आहे."

त्यांनी कपाटातून जाड बांधणीची फाईल काढली. एका हाताचं बोट यादीवर, दुसऱ्या हाताचं मार्कशीटवर, असं करत ते खाली सरकू लागले. पहिलं वर्ष झालं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्यांची दोन्ही बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फाईल खिडकीकडे नेली आणि उजेडात धरून पाहिली.

"काय झालं काका?" बारकीने विचारलं. तिला वाटलं, शिक्का मिळत नाही बहुतेक.

फाईल आणून त्यांनी तिच्याकडे फिरवून ठेवली. निळ्या शाईत, परीक्षकाच्या हाताने लिहिलेली यादी होती. तिचा परीक्षा क्रमांक होता. त्याच्यापुढे आकड्यात लिहिलं होतं ८३, आणि त्याच्या शेजारी, कुणाला शंका राहू नये म्हणून अक्षरात, त्र्याऐंशी.

बारकीने ते वाचलं. मग परीक्षा क्रमांक वाचला. मग पुन्हा आकडा. तिला वाटलं, ओळ चुकतेय. तिने मार्कशीटची कड यादीखाली पट्टीसारखी धरली. ओळ चुकत नव्हती.

"हे माझे आहेत?" तिने विचारलं.

"तुमचेच."

"मग अडतीस कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत," काका म्हणाले. "टाइप करताना आकडे उलटे पडले." त्यांनी मार्कशीटच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे 'नोंद करणार' या शब्दांपुढे दोन अक्षरांची छोटीशी सही होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. "आणि ते मीच पाडले. ही सही माझी आहे."

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी कुणाला तरी उद्या या म्हणून सांगत होतं. बारकी समोरच्या फाईलकडे बघत राहिली. रडू आलं नाही, ओरडावंसंही वाटलं नाही. तिला फक्त तो दिवस आठवला. पेपर देऊन ती घरी आली होती तेव्हा जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली होती. पेपर मस्त गेला असं तिने दारातूनच सांगितलं होतं. आणि निकालात अडतीस पाहिल्यावर तिने काय केलं? परीक्षकावर संशय घेतला नाही, छपाईवर घेतला नाही. संशय घेतला तो स्वतःवर. आपल्याला मस्त वाटतं तेव्हा आपण साफ चुकलेलो असतो, हे तिने त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. मग तिसऱ्या वर्षी आकड्यांचा एकही विषय घेतला नाही. मॅडम म्हणत होत्या घे, तरी नाही घेतला.

"दुरुस्ती करून द्या ना मग," ती एकदम भानावर येऊन म्हणाली.

"समितीपुढे जावं लागतं. दीड महिना तरी."

"माझी शेवटची तारीख अकरा दिवसांवर आहे."

काकांनी आत जाऊन साहेबांना विचारलं. साहेबांचा आवाज दारातून ऐकू येत होता. तोंडी सांगा, लेखी काही देऊ नका, उगाच आपल्या गळ्यात येईल. काका बाहेर आले, खुर्चीवर बसले, खिशातलं काळं पेन काढलं आणि विभागाच्या कागदावर आपल्या हाताने लिहू लागले. मूळ यादीत त्र्याऐंशी आहेत, मार्कशीटवर अडतीस पडले, चूक माझी आहे, दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला आहे. खाली पूर्ण सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला.

"तुमचे साहेब नाही म्हणाले ना?" बारकी पुटपुटली.

"ते त्यांचं झालं," काका म्हणाले. "पोरी, मी कामाला लागल्यापासून असं..." तिने पुढचं थांबून ऐकलं नाही. कागद घेऊन ती बाहेर पडली, आणि पायऱ्यांवर बसून तिने हिशोब मांडला. तीस पेपर. बेरजेत पंचेचाळीस मार्कांची भर. नवी सरासरी एकोणसाठ पूर्णांक सहा.

तिने तीनदा भागाकार केला. साठ येईनात. एवढं सगळं होऊन साठ काही येईनात.

डेपोत पोहोचायला तिला अडीच वाजले. डबा तसाच होता. वेळापत्रक विभागात तिच्या समोरच्या टेबलावर लंबू बसायचा. तो सहा फुटांवर उंच, स्वभावाने गरीब, आणि तिच्या प्रत्येक तक्त्याखाली 'तपासले' म्हणून सही करणारा. हा रिवाज तिनेच पाडला होता. कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने त्याला सांगितलं होतं, माझं गणित कच्चं आहे, तू एकदा नजर घालत जा. तेव्हापासून आठ वर्षं तिचा एकही कागद लंबूच्या सहीशिवाय वर गेला नव्हता.

तिने त्याला सगळं सांगितलं. लंबूने आ वासला. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने विचारलं, "खरं सांग, आठ वर्षांत माझ्या किती चुका काढल्यास तू?"

लंबू खुर्चीत चुळबुळला. "एक पण नाही."

"एकही नाही? शेकडो तक्ते झाले असतील."

"बारके, चिडू नकोस हां." त्याने मान खाली घातली. "पहिली दोन वर्षं तपासलं. ओळ न ओळ तपासली. काही सापडायचंच नाही. मग सोडून दिलं. नुसती सही करत होतो."

"म्हणजे सहा वर्षं कुणी तपासतच नव्हतं?"

"तुला बरं वाटायचं ना सही बघून. म्हणून करायचो."

बारकीने टेबलावरचा सही झालेला तक्ता जवळ ओढला. शहरातल्या निम्म्या बसगाड्या सहा वर्षं तिच्या एकटीच्या आकड्यांवर धावत होत्या, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे म्हणून ती बिनधास्त लिहीत गेली होती. पाठीशी कुणीच नव्हतं. लंबूने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि उठून उभा राहिला, जणू तिने हात उगारलाच तर पळायला बरं.

संध्याकाळी घरी आई शाळांच्या गणवेशांना गुंड्या लावत बसली होती. वडील बारकी दहा वर्षांची असतानाच गेले होते. आईने शिवणाच्या मशीनवर दोन मुली वाढवल्या. थोरली लग्न होऊन परमुलखात गेली, ती दोन-दोन वर्षांनी एकदा तोंड दाखवायची. घरात या दोघीच.

बारकीने चप्पलसुद्धा न काढता सांगायला सुरुवात केली. आई आधी गुंडी लावत होती. मग तिचा हात थांबला. मग तिने सुई गणवेशात टोचून ठेवली. सगळं ऐकून झाल्यावर ती "हो का" म्हणाली, आणि तेही इतक्या हळू, की बारकीने तिच्याकडे नीट पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"आई, तुला ऐकू आलं ना? त्र्याऐंशी होते."

"आलं."

"मग काहीच कशी बोलत नाहीस?"

आई उठली, तिने शिवलेले कपडे एकावर एक ठेवले, पुन्हा खाली घेतले. "तू तेव्हा फेरतपासणीचा अर्ज आणला होतास," ती म्हणाली. "आठवतो का?"

बारकीला आठवत होता. पिवळसर कागद होता. पंधरा दिवसांची मुदत होती.

"मी म्हटलं होतं, राहू दे, कशाला नसती लफडी. पास झालीस ना, बास झालं." आई खिडकीकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी तू पेपर देऊन आलीस तो चेहरा मी पाहिला होता. आईला कळतं ग. निकाल लागला तेव्हा मला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी चुकलंय यांचं."

"वाटलं होतं?"

"ताई नुकतीच सासरी गेली होती. तुला चांगले मार्क पडले असते तर तूही गेली असतीस. मॅडम तुला बाहेर पाठवायच्या गोष्टी करतच होत्या." तिने तोंडावरून हात फिरवला. "मी खोटं नाही बोलणार. अडतीस ऐकून मला बरं वाटलं होतं."

बारकीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली. हीच आई तिच्या तापात रात्रभर उशाशी बसायची, पहिल्या पगाराला शेजारीपाजारी सांगत फिरली होती. कारकुनाच्या चुकीला निदान कारण नव्हतं. हात घसरला, आकडा उलटला. याला कारण होतं, आणि ते कारण समोर हातात गणवेश धरून उभं होतं.

ती आत गेली, चप्पल काढली. पुढचे दोन महिने दोघी एकाच घरात मीठ दे, दार लाव, एवढ्यावर राहिल्या.

अर्जात एक चौकट होती. आपल्या गुणांविषयी काही खुलासा करायचा असल्यास येथे करावा. बारकीने चार पानं लिहिली. काका, आकडे, नऊ वर्षं, सगळं. रविवारी ती पानं घेऊन मॅडमच्या घरी गेली. मॅडमनी ती वाचली, वाचता वाचता दोनदा कपाळाला हात लावला, आणि शेवटी मार्कशीट मागितली.

"हे पहिल्या वर्षाचे बेचाळीस कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"माझे."

"हे सेहेचाळीस? हे एकेचाळीस?"

"माझेच."

"त्यात कुणी कारकून नाही ना?"

"नाही मॅडम."

"मग त्याचं काय ते लिही. हे त्र्याऐंशी एका ओळीत लिही आणि त्या गृहस्थांचं पत्र जोड. चार पानं एका आकड्यावर रडलीस, तर वाचणारा म्हणेल, बाकीच्या आकड्यांचं काय? पहिल्या वर्षी झालं काय होतं तुला?"

बारकीचे कान तापले. काही झालं नव्हतं. घरचा आजार नव्हता की संकट नव्हतं. "टेबल टेनिस," ती म्हणाली. "कॉलेजात टेबल होतं. सकाळी जायचे ती संध्याकाळीच उठायचे."

मॅडम आधी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग खो-खो हसत सुटल्या. "लिही, लिही. हेच लिही. एवढं खरं त्यांना वर्षभरात कुणी लिहून पाठवलं नसेल."

तिने लिहिलं. पहिल्या वर्षी मी अभ्यास केला नाही, टेबल टेनिस खेळले. दुसऱ्या वर्षापासून केला. उरलेल्या जागेत तिने चौदा नंबरच्या बसबद्दल लिहिलं, आणि शेवटच्या दिवशी तीनही अर्ज टाकले.

पहिल्या विद्यापीठाचा नकार नऊ दिवसांत आला. साठची अट, बस. दुसऱ्याने कारणही दिलं नाही. तिसऱ्याने मुलाखतीला बोलावलं.

लांबलचक टेबलाच्या पलीकडे तिघे होते. मधल्या बाईंना सर्दी झाली होती, त्यांच्या हातातला रुमाल काही सुटत नव्हता. त्यांनीच सुरुवात केली. "तुमची सरासरी दुरुस्तीनंतरही साठच्या खाली आहे."

"हो."

"आणि तुम्ही लिहिलंय, तिकीट वाढल्यामुळे चौदा नंबरचे प्रवासी शंभरामागे वीस कमी झाले."

"वीस कमी झाले," बारकी म्हणाली, "पण तिकिटामुळे वीस नाही. त्याच महिन्यात त्या भागातल्या दोन शाळांना सुट्टी लागली. म्हणून मी नऊ नंबर बघितली. ती त्याच शाळांवरून जाते, पण लांब पल्ल्याची, म्हणून तिचं तिकीट वाढलं नव्हतं. तिथेही सात कमी झाले. तेवढे वजा केले. तेव्हा तिकिटामुळे फार तर तेरा. दोन्ही बसमधली शाळेची मुलं सारखीच असतील, हे मी धरून चाललेय. ते तपासलेलं नाही."

कडेला बसलेल्या तरुण सरांनी पेन खाली ठेवलं. "ही पद्धत तुम्ही कुठे शिकलात?"

"कुठे नाही. नऊ नंबर तक्त्यात शेजारच्याच रकान्यात होती."

सर्दीवाल्या बाई रुमालाआड हसल्या की शिंकल्या, ते बारकीला कळलं नाही. "या पद्धतीवर आमच्याकडे अख्खं सत्र शिकवतात," त्या म्हणाल्या. बारकीला क्षणभर वाटलं, आपली फिरकी घेतायत. मग त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि पुढे सोडवायला सांगितलं. ते तिला सुटलं नाही. तसं तिने सांगितलं. मुलाखत संपली.

पत्र आलं त्या दिवशी ते आईच्याच हातात पडलं. बारकी डेपोतून आली तेव्हा आई दारात पाकीट घेऊन उभी होती. फोडलं नव्हतं. बारकीने फोडून वाचलं. थेट प्रवेश नव्हता. आधी पूर्वतयारीचं एक वर्ष, गणित आणि संख्याशास्त्राचं. दोन्हींत पासष्टच्या वर मिळाले तर पुढच्या वर्षी प्रवेश पक्का.

"काय म्हणतायत?" आईने विचारलं. दोन महिन्यांतला तो तिचा पहिला प्रश्न होता.

"एक वर्ष बघतो म्हणतायत."

आईने मान हलवली. आत जाऊन तिने कपाटाच्या वरून मोठी बॅग खाली ओढली आणि तिच्या तुटलेल्या बंदाला मशीनवर शिलाई घालू लागली. बारकी दारात उभी राहून बघत होती. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. बंद शिवून झाल्यावर आईने तो दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाली, "तुटणार नाही आता." मग बारकीने स्वयंपाकघरात जाऊन दोघींची पानं घेतली.

डेपोने वर्षभराची बिनपगारी रजा दिली. लंबूने निरोपाच्या दिवशी केक आणला आणि माझे आकडे आता मी कुणाकडून तपासून घेऊ, असं तोंड पाडून विचारलं. सगळे हसले.

वर्गात ती सगळ्यांत मोठी होती. बावीस-तेवीसची पोरं तिला पहिल्याच दिवशी ताई म्हणू लागली. पहिला महिना नुसती धावपळ झाली. नऊ वर्षांचा गंज होता, भूमिती आठवेना, चिन्हं आठवेनात. ती मागच्या बाकावर बसून खाली मान घालून उतरवून घ्यायची.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी संख्याशास्त्राचे सर फळ्यावर एक सिद्धता मांडत होते. चौथी ओळ लिहून ते खडू बदलायला वळले. बारकीला पाचवी ओळ दिसली. ती फळ्यावर नव्हती. सहावीही दिसली, आणि सगळं शेवटी कशावर जाऊन थांबणार, तेही दिसलं. सर वळले आणि त्यांनी पाचवी ओळ लिहिली. तीच होती. सहावी लिहिली. तीच.

आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिने वही मिटली. पेन बाकावरून घरंगळलं. हे सगळं तिच्यात होतं. ती डेपोत ड्रायव्हरांच्या आरामाची मिनिटं मोजत असताना होतं, लंबूकडे सहीसाठी कागद सरकवताना होतं, विसाव्या वर्षी जिना चढतानाही होतं. नऊ वर्षं. रेकॉर्ड विभागात न आलेला, आईसमोर न आलेला राग तिला तिथे, मागच्या बाकावर, भर वर्गात आला. असा आला की दातावर दात आपटू लागले. ती उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काकांना शिव्या दिल्या, आईला दिल्या, स्वतःला सगळ्यात जास्त दिल्या. समोरून झाडूवाली बाई आली, तिने बघितलं आणि न विचारता बादली दुसऱ्या बाजूने नेली.

किती वेळ गेला कळलं नाही. आतून सरांचा आवाज येतच होता. बारकीने नळावर तोंड धुतलं, ओढणीने पुसलं आणि मागच्या दाराने परत आत आली. तोवर फळा दोनदा पुसून झाला होता आणि आता त्यावर भलतंच काहीतरी होतं. तिने शेजारच्या मुलाला कोपर लावलं.

"मधलं उतरवलंयस का रे?"

"हो ताई," तो म्हणाला आणि त्याने वही तिच्याकडे सरकवली.